‘सापडत नाही’ म्हणजे नेमके काय?

एका वाचनालयाने आपले जुने मराठी अंक स्कॅन करून ठेवले होते. पाने काही हजार आणि सगळी चित्रांच्या रूपात, त्यामुळे एखादे नाव शोधायचे तर डोळ्यांनी पान न् पान चाळण्यावाचून इलाज नव्हता. चित्रांतली अक्षरे ओळखून त्यांचा शोधता येईल असा मजकूर करायचे ठरले, आणि त्यासाठी आम्ही टेसरॅक्ट हे मुक्त सॉफ्टवेअर निवडले. ते मूळचे एचपी कंपनीत 1985 ते 1994 या काळात घडले आणि 2005 मध्ये सर्वांसाठी खुले झाले. 2018 साली आलेली त्याची चौथी आवृत्ती न्यूरल नेटवर्कच्या पद्धतीने अक्षरे वाचते, आणि मराठीसाठी तिची वेगळी प्रशिक्षित फाइल मिळते. आमच्या वाट्याला आलेला सर्व्हर मात्र जुना होता. त्याच्या तयार पॅकेजांत तिसरीच आवृत्ती होती, आणि रूटचा पासवर्ड आमच्याकडे नव्हता. सोर्स उतरवून घ्यायचा आणि आपल्या होम फोल्डरात आपणच बिल्ड करायचा, एवढाच मार्ग उरला.

चित्रे उघडण्यासाठी टेसरॅक्टला लेप्टोनिका ही लायब्ररी लागते. ती आधी बिल्ड केली. कॉन्फिगर, मेक, मेक इन्स्टॉल या तिन्ही पायऱ्या विनातक्रार पार पडल्या. मग टेसरॅक्टचे कॉन्फिगर चालवले तर ते मध्येच थांबले आणि म्हणाले, लेप्टोनिका 1.74 किंवा त्यापुढची हवी. पाच मिनिटांपूर्वी जी स्वतःच्या हाताने बसवली, तीच त्याला दिसत नव्हती. एका पाथची भर घातल्यावर ती दिसली आणि बिल्ड पूर्ण झाले. टेसरॅक्ट पहिल्यांदा चालवले तेव्हा उत्तर आले की लिबलेप्ट.एसओ.5 उघडता येत नाही, अशी फाइलच नाही. तेही निस्तरले. मग पहिले पान दिले, पीएनजी स्वरूपातले. लेप्टोनिकाने सांगितले, ‘फंक्शन नॉट प्रेझेंट’.

त्या रात्री तीन वेळा ‘नाही’ ऐकले, आणि तिन्ही वेळा माझा उपाय एकच होता. शोधून मिळालेली एखादी आज्ञा चिकटवायची, आणि ती नाही चालली तर दुसरी. शेवटी काम झाले, पण कशामुळे झाले ते मला सांगता आले नसते. प्रत्येक वेळी विचारणारा वेगळा होता, तो वेगळ्या जागी शोधत होता आणि वेगळ्याच वस्तूची चौकशी करत होता, हे उमगायला पुढे बरेच महिने गेले. ही पुस्तिका लिहिली ती त्या महिन्यांत जे शिकलो त्यातून.

सोर्सपासून चालत्या प्रोग्रामपर्यंतच्या वाटेवर लायब्ररीची चौकशी निदान तीनदा होते. पहिली चौकशी कंपायलरची. त्याला फक्त हेडर फाइल हवी असते. अमुक फंक्शनला काय द्यायचे आणि ते काय परत देते, एवढे कळले की त्याचे काम भागते. लायब्ररीची प्रत्यक्ष फाइल मशीनवर आहे की नाही, याच्याशी त्याला कर्तव्य नसते. दुसरी चौकशी लिंकरची. त्याला त्या फंक्शनचा खरा कोड कुठे आहे ते हवे असते, आणि हेडर फाइल त्याच्या खिजगणतीतही नसते. तिसरी चौकशी प्रोग्राम सुरू होण्याच्या क्षणी डायनॅमिक लोडर करतो, कधीकधी दुसऱ्याच मशीनवर आणि दुसऱ्याच वर्षी. हेडर न मिळाल्याची तक्रार, ‘कॅनॉट फाइंड’पुढे येणारे डॅश एल आणि ‘एरर व्हाइल लोडिंग शेअर्ड लायब्ररीज’ या तीन ओळी टर्मिनलवर एकाच रंगात, एकाच आकारात उमटतात, म्हणून नवशिक्याला एकाच दुखण्याच्या वाटतात. एलडी लायब्ररी पाथ हे चल लोडर पाहतो. तुमची तक्रार हेडरची असेल तर ते शंभर वेळा बदलले तरी कंपायलर तिकडे ढुंकून पाहणार नाही.

हे तीन विचारणारे आले कुठून, याचा इतिहास थोडा पाहण्यासारखा आहे. केंब्रिज विद्यापीठात मॉरिस विल्क्स यांच्या हाताखाली घडलेला एडसॅक हा संगणक मे 1949 मध्ये चालू झाला. त्याचे प्रोग्राम कागदी फितीवर भोके पाडून लिहीत. पुन्हा पुन्हा लागणारी गणिते दर वेळी नव्याने लिहायला नकोत म्हणून त्यांच्या फिती तयार करून ठेवत. हव्या त्या गणिताची फीत काढायची, आपल्या प्रोग्रामच्या फितीवर तिची नक्कल उतरवायची आणि मूळ फीत जागेवर परत ठेवायची. लायब्ररी हा शब्द तिथे अगदी अक्षरशः खरा होता. पण एक पेच होता. प्रत्येक प्रोग्राममध्ये ते गणित वेगळ्या जागी जाऊन बसणार, मग त्यातले पत्ते कोण दुरुस्त करणार? डेव्हिड व्हीलर या तरुण संशोधकाने फीत आत घेणाऱ्या आरंभीच्या आज्ञाच अशा रचल्या की पत्ते वाचतावाचताच बदलले जात. आजचा लिंकर आणि लोडर जे करतात त्याचे बीज त्या मूठभर आज्ञांत आहे. 1951 मध्ये विल्क्स, व्हीलर आणि स्टॅन्ली गिल यांनी या कामावर पुस्तकही लिहिले. पुढच्या वर्षी अमेरिकेत ग्रेस हॉपर यांनी युनिव्हॅकसाठी ए-0 ही प्रणाली केली. ती क्रमांकावरून तयार गणिते गोळा करून त्यांचा एक प्रोग्राम जुळवायची. तिला त्यांनी कंपायलर म्हटले ते संकलन करणारी या अर्थाने. आज ज्याला आपण लिंकिंग म्हणतो त्याच्या जवळ जाणारे ते काम होते. नाव पुढे दुसऱ्याच कामाला चिकटले.

आता कॉन्फिगरकडे येतो, कारण बहुतेकांची पहिली ठेच तिथेच लागते.

कॉन्फिगर ही हजारो ओळींची शेल स्क्रिप्ट असते. ती सहसा हाताने कोणी लिहीत नाही, ऑटोकॉन्फ नावाचे साधन ती तयार करते. डेव्हिड मॅकेन्झी यांनी 1991 मध्ये ऑटोकॉन्फचे काम सुरू केले तेव्हा युनिक्सचे डझनावारी प्रकार होते आणि प्रत्येकाच्या लायब्ररी वेगळ्या. ऑटोकॉन्फने एक शहाणपणाचा नियम धरला. मशीनचे नाव विचारायचे नाही, प्रत्यक्ष करून पाहायचे. हा नियम समजला की निम्मे कोडे सुटते. ‘डॅश एल पीएनजीमध्ये अमुक फंक्शन आहे का’ असे कॉन्फिगर पडद्यावर म्हणते तेव्हा ते लायब्ररीची फाइल शोधत फिरत नसते. ते कॉन्फटेस्ट नावाचा पाच-सात ओळींचा सी प्रोग्राम लिहिते, त्यात ते एक फंक्शन बोलावते आणि तो प्रोग्राम लिंक होतो का ते पाहते. लिंक झाला तर ‘येस’, नाही तर ‘नो’. तो ‘नो’ लायब्ररी नसल्यामुळे आला, की तिचा पाथ चुकल्यामुळे, की तिला लागणारी दुसरी लायब्ररी न दिल्यामुळे, की सगळे असून ती 32 बिटांची निघाल्यामुळे, हे पडद्यावर कधीच येत नाही. कारणे चार, उत्तर मात्र एकाच अक्षराचे.

खरे कारण कॉन्फिग.लॉग या फाइलमध्ये असते. कॉन्फिगर चालवले त्याच फोल्डरात ती पडलेली असते, आणि माझा अनुभव असा की मदत मागायला येणाऱ्या दहांतल्या नऊ जणांनी ती उघडलेली नसते. ती लांबलचक असते, तिच्या शेवटी चलांची मोठी जंत्री असते, म्हणून लोक शेवट पाहून बिचकतात. शेवट पाहू नका. अडलेल्या लायब्ररीचे नाव शोधा. तिथे कॉन्फिगरने दिलेली पूर्ण आज्ञा सापडेल, त्याखाली लिंकरची मूळ तक्रार आणि त्याखाली, प्रत्येक ओळीला डावीकडे उभी रेघ मारून, तो फसलेला प्रोग्राम जसाच्या तसा. तो कॉपी करा, वेगळ्या फाइलमध्ये ठेवा, तीच आज्ञा हाताने द्या. आता हजारो ओळींचे कॉन्फिगर मध्ये नाही. तुम्ही, सात ओळी आणि लिंकर, एवढेच उरता.

हे किती उपयोगी पडते याचे एक उदाहरण इथे सविस्तर देतो. ऑगस्ट 2016 मध्ये ओपनएसएसएलची 1.1.0 ही आवृत्ती आली. त्याआधी वर्षानुवर्षे असंख्य प्रोग्रामांचे कॉन्फिगर ओपनएसएसएल आहे का हे ठरवण्यासाठी एसएसएल_लायब्ररी_इनिट हे फंक्शन लिंक होते का ते पाहत असत. निवड स्वाभाविक होती, कारण ही लायब्ररी वापरणाऱ्या प्रत्येकाला ते फंक्शन सर्वांत आधी बोलवावे लागे. नव्या आवृत्तीत त्याची गरज संपली. जुना कोड मोडू नये म्हणून ते नाव हेडरमध्ये मॅक्रोच्या रूपात ठेवले, पण लायब्ररीच्या फाइलमधून ते सिम्बॉल गेले. खऱ्या प्रोग्रामला काहीच अडचण नव्हती, कारण तो हेडर वाचतो. कॉन्फटेस्ट मात्र हेडर वाचत नाही. त्यातले फंक्शन त्याने स्वतःच एका ओळीत नावापुरते जाहीर केलेले असते. तेव्हा लिंकरने लायब्ररी उघडली, आत ते नाव नव्हते आणि कॉन्फिगरने निकाल दिला की ओपनएसएसएल सापडत नाही, डेव्हलपमेंट पॅकेज बसवा.

माणसे ते पॅकेज बसवत राहिली. काढून पुन्हा बसवत राहिली. मीही एक दुपार त्यातच घालवली. कॉन्फिग.लॉगमध्ये पाहिले असते तर ‘कॅनॉट फाइंड’ नव्हते, ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ होते. यातल्या पहिल्या तक्रारीचा अर्थ असा की घरच सापडले नाही. दुसरीचा अर्थ घर सापडले, पण त्या नावाचे माणूस तिथे राहत नाही. घर सापडलेले असताना नवे घर बांधून काय होणार? इथे दुरुस्ती प्रश्नाचीच करायची होती. जुन्या-नव्या दोन्ही आवृत्त्यांत असणाऱ्या, उदाहरणार्थ एसएसएल_न्यू या फंक्शनची चौकशी करायची आणि ऑटोकॉन्फ चालवून कॉन्फिगर पुन्हा तयार करायचे. बहुतेक प्रकल्पांनी पुढे हेच केले.

‘कॅनॉट फाइंड’चीही एक खास जात आहे, आणि तिच्यावर या पुस्तिकेत एक अख्खे प्रकरण आहे. विद्यार्थी म्हणतो, ‘सर, लायब्ररी तर आहे, हे पाहा,’ आणि तो खरोखर फाइल दाखवतो. फाइल असते. पण लिनक्सवर एका शेअर्ड लायब्ररीची तीन नावे असतात आणि प्रत्येक विचारणारा वेगळ्या नावाने हाक मारतो. डेबियनवर लिबपीएनजीच्या 1.6.37 या आवृत्तीची खरी फाइल लिबपीएनजी16.एसओ.16.37.0 या नावाची. लोडर जिला हाक मारतो ते नाव लिबपीएनजी16.एसओ.16. त्याला एसओनेम म्हणतात आणि ते फाइलच्या पोटात कोरलेले असते. लिंकरला डॅश एल पीएनजी सांगितले की तो शोधतो निव्वळ लिबपीएनजी.एसओ, मागे एकही आकडा नसलेले नाव. हे तिसरे नाव म्हणजे एक साधी सिमलिंक. ती मूळ पॅकेजात नसते, हेडर फाइलींसोबत डेव्ह पॅकेजात येते. चालवणाऱ्याला तिची गरज नाही, बिल्ड करणाऱ्याला आहे, म्हणून ही विभागणी. डेबियन आणि उबुंटूवर अशा पॅकेजांच्या नावाला डेव्ह हे शेपूट असते, फेडोरा आणि रेड हॅटच्या घराण्यात डेव्हेल. मधल्या नावातही सारखेपणा नसतो. फेडोरावरचे झेडलिब-डेव्हेल डेबियनवर झेडलिब1जी-डेव्ह होते, आणि त्यातला तो जी म्हणजे जुन्या सी लायब्ररीकडून जीलिबसीकडे लिनक्स वळले त्या काळाची राहिलेली खूण.

अशा नावांच्या तक्त्यांपेक्षा लिंकरची चाल समजून घेणे मला महत्त्वाचे वाटते, कारण लायब्ररींचा क्रम हा असा विषय आहे की तो पाठ करून येत नाही. पुण्यातला लक्ष्मी रस्ता वाहनांना एकेरी आहे. स्कूटरवरून त्या रस्त्याने सामानाची यादी घेऊन निघालात तर समोर येणाऱ्या दुकानातून तेव्हा यादीत असेल तेवढेच घेणार. पुढच्या दुकानात साडी घेतल्यावर अस्तर लागेल असे लक्षात आले आणि अस्तराचे दुकान मागे गेलेले असले, तर वळता येत नाही. लिंकर आज्ञेतल्या फाइलींमधून डावीकडून उजवीकडे असाच एकदा जातो. प्रत्येक ऑब्जेक्ट फाइल त्याच्या यादीत नावे वाढवते. स्टॅटिक लायब्ररी आली की तो तिच्यातून त्या घटकेला यादीत असलेलीच नावे उचलतो आणि पुढे सरकतो. लिबपीएनजीच्या आतला कोड झेडलिबची फंक्शने बोलावतो. तेव्हा आज्ञेत झेडलिब आधी आणि पीएनजी नंतर लिहिली, तर झेडलिबच्या दारात यादी रिकामी असते आणि यादी भरते तेव्हा झेडलिब मागे पडलेली असते. दोन्ही लायब्ररी मशीनवर आहेत, दोन्ही आज्ञेत आहेत, पाथ बरोबर आहेत, तरी ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’. ज्याला गरज आहे ते आधी, जे गरज भागवते ते नंतर, एवढाच क्रम.

शेअर्ड लायब्ररींच्या बाबतीत पूर्वी ही काटेकोरी नव्हती. ऑक्टोबर 2011 मध्ये आलेल्या उबुंटू 11.10 ने लिंकरला गरज असेल तीच लायब्ररी जोडण्याची सूचना कायमची दिली, आणि तोवर सुरळीत बिल्ड होणारे कितीतरी जुने सोर्स रातोरात अडले. आजही जुन्या माहितीपत्रकांत एलडीफ्लॅग्ज या चलात डॅश एल लिहायला सांगितलेले असते. ते चल आज्ञेत ऑब्जेक्ट फाइलींच्या आधी येते. लायब्ररीचे नाव लिब्स या चलात द्यायचे, ते नंतर येते. एलडीफ्लॅग्जमध्ये फक्त फोल्डर सांगायचे. एवढ्या एका बदलाने सुटलेली प्रकरणे मी मोजायचे सोडून दिले आहे.

पीकेजी-कॉन्फिग हे साधन या क्रमाच्या कटकटीतून बरेच सोडवते. बहुतेक लायब्ररी आपल्यासोबत पीसी शेपटीची एक छोटी मजकूर-फाइल ठेवतात. हेडर कुठे, लायब्ररी कुठे, आणखी कोण लागते, आवृत्ती कोणती, हे सगळे त्यात लिहिलेले असते. टेसरॅक्टचे कॉन्फिगर लेप्टोनिकाची चौकशी याच वाटेने करते. माझा पहिला ‘नाही’ इथला होता. लेप्टोनिका होम फोल्डरात बसली होती, तिची पीसी फाइलही तिथेच, आणि पीकेजी-कॉन्फिग आपल्या ठरलेल्या जागांबाहेर शोधत नाही. पीकेजी_कॉन्फिग_पाथमध्ये तो फोल्डर दिला आणि ती दिसू लागली.

दुसरा ‘नाही’ लोडरचा. लिंकर लायब्ररीचे एसओनेम प्रोग्राममध्ये लिहून ठेवतो, ती कुठे सापडली ते लिहीत नाही. लोडरला फक्त नाव मिळते. तो आधी प्रोग्राममध्ये मुद्दाम कोरलेला पाथ असेल तर तो आणि एलडी लायब्ररी पाथ पाहतो, मग एलडीकॉन्फिगने तयार केलेली सूची आणि शेवटी यंत्रणेचे नेहमीचे फोल्डर. डेबियनवर त्या सूचीत /यूएसआर/लोकल/लिब धरलेला असतो, रेड हॅटच्या घराण्यात तो मुळात नसतो. एकाच्या लॅपटॉपवर चाललेल्या सूचना दुसऱ्याच्या प्रयोगशाळेत का चालत नाहीत, याचे उत्तर पुष्कळदा एवढेच असते. रूट असेल तर फोल्डरची नोंद करून एलडीकॉन्फिग चालवावे. नसेल तर लिंक करतानाच आरपाथ कोरावा. टेसरॅक्टसाठी मी शेवटी आरपाथच वापरला, आणि एलडीडी चालवून प्रत्येक नावासमोर खरा पत्ता येतो का ते तपासले.

तिसऱ्या ‘नाही’ने मला सर्वांत जास्त शिकवले, कारण तो खूप आधी येऊन गेला होता. लेप्टोनिकाला पीएनजी, जेपेग, टिफ या लायब्ररी ऐच्छिक आहेत. त्या नसल्या तर तिचे कॉन्फिगर थांबत नाही. पडद्यावर एक ‘नो’ सरकून जातो आणि त्या स्वरूपाच्या फंक्शनांच्या जागी नुसता निरोप देणारी फंक्शने बसतात. बिल्ड यशस्वी, इन्स्टॉल यशस्वी, आणि पुढे पान वाचताना ‘फंक्शन नॉट प्रेझेंट’. तेव्हापासून मी ऐच्छिक लायब्ररीही ‘विथ’चा पर्याय देऊन स्पष्ट मागतो. मागितलेली वस्तू मिळाली नाही तर बहुतेक कॉन्फिगर तिथेच थांबतात, आणि मला थांबलेले कॉन्फिगर हवे असते.

काही उपायांविषयी मात्र मला कडक बोलायचे आहे. लोडर एसओ.1.1 मागतो आणि आपल्याकडे एसओ.3 आहे, म्हणून एकाची सिमलिंक दुसऱ्याच्या नावाने करणे हा उपाय नाही. एसओनेममधला आकडा बदलतो तोच मुळी जुना आणि नवा कोड एकमेकांशी जुळत नाही हे सांगण्यासाठी. सिमलिंकने कधी लोडर लगेच नकार देतो, ते बरे. कधी प्रोग्राम चालतो आणि चुकीची उत्तरे देतो, आणि ती उत्तरे कोणाच्या तरी प्रबंधात जातात. दुसऱ्याच्या मशीनवरून लिबसी उचलून आणून आपल्या /लिबमध्ये टाकणे हे त्याहून वाईट. त्यानंतर एलएससुद्धा चालले नाही अशी यंत्रे मी पाहिली आहेत. आणि एलडी लायब्ररी पाथ बॅशआरसीमध्ये कायमचे लिहून ठेवू नका. आज एका प्रोग्रामसाठी लिहिलेले ते वाक्य सहा महिन्यांनी दुसऱ्याच प्रोग्रामला चुकीची लायब्ररी देते, आणि तोवर ते आपण लिहिले होते हेही आठवत नाही.

सी++ च्या लायब्ररी, त्यांची वेडीवाकडी दिसणारी सिम्बॉल-नावे आणि 2015 च्या जीसीसी 5 मध्ये स्ट्रिंगची रचना बदलल्यावर झालेली तुटातूट यांना स्वतंत्र प्रकरण दिले आहे. सीमेकवरचे प्रकरण छोटे आहे. तिथे एवढेच बजावतो की सीमेक एकदा सापडलेले पाथ आपल्या कॅशे फाइलमध्ये धरून ठेवते. लायब्ररी हलवलीत तर ती फाइल पुसून नव्याने सुरुवात करा.

एक प्रकरण मी निव्वळ आवडीने लिहिले आहे. या पानावरचा ‘र्त’ किंवा ‘क्ष’ पडद्यावर नीट उमटतो, रफार योग्य अक्षरावर चढतो, ऱ्हस्व वेलांटी आधी येऊन बसते, यामागे लिनक्सवर प्रामुख्याने दोन लायब्ररी असतात. फ्रीटाइप अक्षराचा आकार रंगवते. हार्फबझ कोणत्या अक्षरांचे मिळून कोणते रूप होते ते ठरवते, आणि तिचे नाव फारसीतल्या ‘अक्षर’ आणि ‘खुले’ या दोन शब्दांवरून आले आहे. हार्फबझला अक्षराची मापे घेण्यासाठी फ्रीटाइप लागू शकते, आणि फ्रीटाइपला तिच्या आपोआप रेषा सुधारण्याच्या कामात हार्फबझचा उपयोग होतो. मग आधी बिल्ड कोणती करायची? वर्षानुवर्षे चालत आलेली रीत अशी की फ्रीटाइप एकदा हार्फबझशिवाय बांधायची, तिच्यावर हार्फबझ बांधायची आणि मग फ्रीटाइप पुन्हा, या वेळी हार्फबझसह. आपली लिपी पडद्यावर आणणारी ही जोडी हाताने बांधून पाहिली तेव्हा लिंकिंगची अडचण मला पहिल्यांदा सुंदर वाटली. वाचकाने ती एकदा तरी बांधावी असे मनापासून वाटते.

ही पुस्तिका कोणासाठी? अभियांत्रिकीचे विद्यार्थी तर आहेतच. पण लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर विशेषतः ते संशोधक होते, जे हवामान, रसायनशास्त्र किंवा जनुकशास्त्राचे काम करतात आणि सोर्सवरून बिल्ड करण्याची वेळ ज्यांच्यावर येऊन पडते. पुण्याच्या आयसरमध्ये परम ब्रह्म हा महासंगणक 2019 मध्ये आला. अशा यंत्रांवर वापरणाऱ्याला रूटचा अधिकार नसतो, एकाच लायब्ररीच्या अनेक आवृत्त्या शेजारी शेजारी असतात आणि आपण कोणती उचलली हे नेमके माहीत असावे लागते. म्हणून होम फोल्डरात बिल्ड करण्याचा भाग मी मुद्दाम लांबवला आहे.

संज्ञांचे भाषांतर केलेले नाही. लिंकरला लिंकरच म्हटले आहे, सिम्बॉलला सिम्बॉल. प्रयोगशाळेत मराठी बोलणारी मुले हेच शब्द वापरतात, आणि तक्रार पडद्यावर येते तीही याच शब्दांत.

प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीला वाचकाला आपल्याच मशीनवर काहीतरी मोडायला सांगितले आहे, मग तक्रार वाचायला आणि शेवटी दुरुस्त करायला. पहिल्या प्रकरणात झेडलिबचे डेव्ह पॅकेज काढायचे आहे. ते काढताना लिबपीएनजीचे डेव्ह पॅकेजही सोबत निघून जाईल आणि यंत्र तसे आधी विचारेल. होकार देण्यापूर्वी ती यादी कागदावर उतरवून घ्या. पुन्हा बसवण्याची आज्ञा त्याच पानाच्या तळाशी दिली आहे, आणि ती चालवताना या यादीची गरज पडेल.